डोक्याच्या गंभीर दुखापतीनंतर मूल शाळेत परतलंय: चालतंय, बोलतंय, पण नवीन काही टिकत नाही

खडूफळा

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथीतल्या एका मुलाबद्दल विचारतेय. पालकांना सांगून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

वय नऊ. साडेपाच महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडला, हेल्मेट नव्हतं. डिस्चार्ज कार्डवर असं आहे: दाखल करताना जीसीएस (शुद्धीची पातळी सांगणारा 3 ते 15 मधला आकडा) 7, डाव्या फ्रंटल (कपाळामागच्या) भागात कन्ट्युजन म्हणजे मेंदूला मुका मार, डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी म्हणजे मेंदूतल्या तंतूंना पसरलेली इजा, डोक्याचं ऑपरेशन नाही, आठ दिवस व्हेंटिलेटर, तिसऱ्या दिवशी एकदा आकडी. शुद्धीवर आल्यावरही जवळजवळ तीन आठवडे आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे त्याला सांगता येत नव्हतं. सध्या लेव्हेटिरासिटामचं (आकडीवरचं औषध) सिरप दोन वेळा चालू आहे. उजव्या हातापायात थोडी कमजोरी आहे, चालताना उजवं पाऊल घासतं.

महिनाभर शाळेत येतोय. पहिले दोन तास ठीक, मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकतो. पाढे, तिसरीतल्या कविता खणखणीत म्हणतो, पण सकाळी शिकवलेलं दुपारी कोरं. फळ्यावरून उतरवून घेताना ओळीतले शेवटचे शब्द गाळतो, मान डावीकडे कलती ठेवून वाचतो. एवढ्या तेवढ्यावरून चिडून अंगावर जातो आणि पाच मिनिटांत विसरतो. पूर्वी असा नव्हता.

घरच्यांना सांगितलं गेलंय की लहान मुलाचा मेंदू आहे, वर्षभरात आपोआप भरून येईल, परवाचा सीटी पण नॉर्मल आला. आजोबांच्या मते शाळा बुडाली म्हणून आळस चढलाय. वाट बघायची की आत्ताच काही करायचं? वर्गात नेमकं काय करू? परीक्षेच्या सवलती, दिव्यांग प्रमाणपत्र यांचं काय?

चेतातंतू

वाट बघू नका. आधी 'आपोआप भरून येईल'चा निकाल लावू.

ही समजूत जुनी आहे. मार्गारेट केनार्ड यांनी 1930च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. पिल्लांच्या मेंदूतला हालचालींचा भाग काढला तरी ती मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरली, आणि त्यावरून 'मेंदू जितका कोवळा तितका बरा' असं सरसकट बोललं जाऊ लागलं. ते निरीक्षण हालचालींचं होतं आणि एका ठिकाणच्या मर्यादित इजेचं. अपघातात मेंदू कवटीत हलतो, पिळला जातो, दूरदूरचे भाग जोडणारे तंतू जागोजाग ताणले-तुटले जातात. अशा पसरलेल्या इजेत, विशेषतः सात वर्षांखालच्या मुलांत, गंभीर दुखापतीनंतरचं शिकणं मोठ्या मुलांपेक्षा जास्त अडतं. कारण सरळ आहे. मोठ्या मुलाने बरंच शिकून ठेवलेलं असतं, लहानाला सगळं अजून शिकायचं असतं, आणि शिकण्याचं यंत्रच दुखावलेलं असतं.

तुमच्या मुलाचे पाढे शाबूत आणि नवा धडा कोरा, याचा अर्थ हाच. आधी साठवलेलं राहिलंय, नवीन साठवण्याचा वेग आणि पकड गेलीय. हा आळस नव्हे.

दुखापत किती गंभीर? जीसीएस 3 ते 8 म्हणजे गंभीर, 9 ते 12 मध्यम, 13 ते 15 सौम्य. त्याहून उपयोगी आकडा म्हणजे अपघातापासून रोजची आठवण सलग राहायला लागेपर्यंतचा काळ. बेशुद्धीचे दिवस त्यातच धरायचे. तुम्ही लिहिल्यावरून तो चार आठवड्यांच्या आसपास जातो. एका आठवड्यापुढे गेला की गंभीरच म्हणतात, आणि लांबत जाईल तसं स्मरण, वेग आणि वागणूक यांतलं काही ना काही मागे राहण्याची शक्यता वाढते.

सीटी नॉर्मल आला तो चांगलाच, पण त्याने एवढंच कळतं की रक्त, सूज किंवा पाणी साचलेलं नाही. ताणलेले तंतू सीटीत दिसत नाहीत. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय नावाचा क्रम घेतला तर बारीक रक्तस्रावाचे ठिपके दिसतात. तरी मूल वर्गात कसं चालेल हे कुठलीच फिल्म सांगत नाही, ते तुमची वही सांगेल.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वात वेगाने होते, वर्षापर्यंत बऱ्यापैकी, नंतर मंद, पण थांबत नाही. पालकांना न सांगितली जाणारी बाजू दुसरी आहे. कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. तिथली इजा चौथीत झाकली जाते, कारण चौथीत मुलाचं नियोजन आपण करतो. पाचवी-सहावीत विषय वाढले, दर तासाला शिक्षक बदलले, घरचा अभ्यास स्वतः लक्षात ठेवायचा झाला, की दोन वर्षं 'बरं असलेलं' मूल अचानक घसरतं. नवीन आजार झालेला नसतो. मागणी वाढली आणि जुनी उणीव उघडी पडली, इतकंच.

आता या मुलात ताबडतोब तपासायच्या गोष्टी. मी असतो तर याच क्रमाने गेलो असतो.

डोळे. मेंदूच्या डाव्या बाजूला मार आणि उजवं अंग कमजोर असताना ओळीचा शेवट गाळला जात असेल, तर दोन्ही डोळ्यांचं उजवीकडचं दृष्टिक्षेत्र गेलेलं असू शकतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून पुढचा शब्द दिसतच नाही. मान कलती हे वेगळं. चौथी क्रेनियल नर्व्ह (डोळा हलवणारी एक नस) दुखावली की एका वस्तूच्या दोन दिसतात, एक वर एक खाली, आणि मूल मान वाकडी करून त्या जुळवतं. जिना उतरताना अडखळतो का ते बघा. एक डोळा तळहाताने झाकला की मान सरळ होते का, हेही. नऊ वर्षांचं मूल 'दोन दिसतात' असं आपणहून सहसा सांगत नाही. चष्म्याच्या दुकानातली तपासणी पुरणार नाही. नेत्रतज्ज्ञांकडे फील्ड चार्टिंग (दृष्टिक्षेत्राची तपासणी) आणि डोळ्यांच्या हालचालींची तपासणी असं नाव घेऊन मागा.

कान. कानामागच्या हाडाला तडा असेल तर एका कानाचं ऐकू कमी होतं आणि गोंगाटाच्या वर्गात ते 'लक्ष नाही' म्हणून खपतं. ऑडिओमेट्री एकदा करूनच घ्या.

औषध. लेव्हेटिरासिटामने काही मुलं भयंकर चिडचिडी होतात. हा चांगला माहीत असलेला दुष्परिणाम आहे. राग हॉस्पिटलमध्येच सुरू झाला, की डोस वाढवल्यावर, हे पालकांना विचारा. शिवाय पहिल्या सात दिवसांतली आकडी आणि नंतर सुरू होणारा एपिलेप्सीचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त पहिल्या आठवड्यात एकदा आकडी आलेल्या मुलाला औषध किती काळ द्यायचं, हा प्रश्न पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टला विचारायलाच हवा. मनाने बंद करू नका. एकदम थांबवल्यानेच आकडी येऊ शकते.

वाढ. डोक्याच्या जोरदार मारानंतर पिट्युटरी ग्रंथी (मेंदूच्या तळाची, वाढ आणि वयात येणं चालवणारी) महिन्या-वर्षांनी मंदावू शकते. शाळेत उंची मोजताच, ती दर सहा महिन्यांनी तारखेसह लिहा. या वयात वर्षाला साधारण 5 ते 6 सेंमी वाढ व्हायला हवी, 4च्या खाली गेली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उलट मुलात नवव्या वर्षाआधी किंवा मुलीत आठव्या वर्षाआधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या तरी दाखवा. सारखी तहान आणि रात्री लघवीला उठणं सुरू झालं तर थांबूच नका.

आणि एक धोक्याची खूण: सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, वाढती झोप, चालणं पुन्हा बिघडणं. मेंदूत पाणी साचण्याची शक्यता असते. त्याच दिवशी न्यूरोसर्जन.

ओटीवाली

वरच्याला पूर्ण सहमती. हातापायाचं लिहिते, कारण 'चालतोय ना' म्हणून फिजिओ बंद करण्याची घाई इथेच होते.

पाऊल घासतंय म्हणजे घोट्याच्या पुढचे स्नायू कमी पडतायत, किंवा पोटरी ताठ आहे, किंवा दोन्ही. गुडघा पूर्ण सरळ ठेवून पाऊल वर वाकवून बघायचं असतं, गुडघा वाकवून मोजलं की पोटरीचा आखडलेपणा लपतो. सरळ गुडघ्याने पाऊल काटकोनाच्याही वर येत नसेल तर स्प्लिंटचा (एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा साचा) विचार लगेच. हाड लांब होतं तेवढ्या वेगाने ताठ स्नायू लांबत नाही. त्यामुळे आज नुसतं घासणारं पाऊल अकरा-बाराव्या वर्षी उंची झपकन वाढताना टाचेवरून उठतं. वाढीच्या त्या काळात दर तीन महिन्यांनी मोजमाप ठेवायचं.

स्प्लिंट मिळाला की पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं थोडं वाढवत आठवड्याभरात शाळेच्या वेळेइतका. आत सुती मोजा, शिवण नसलेला. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला पाहिजे. नाही गेला तर त्या जागी घासतोय, ऑर्थोटिस्टकडून (स्प्लिंट बनवणाऱ्याकडून) घासून-गरम करून घ्या, कापूस कोंबून वापरू नका. वाढत्या मुलाला वर्षभरात तो लहान होतोच. बोटं पुढून बाहेर डोकावली की नवीन करायचा. बूट एक नंबर मोठा लागेल, दोन्ही पायांना वेगळे नंबर घ्यायला दुकानदार तयार होत नाही, म्हणून मोठा जोड घेऊन दुसऱ्या बुटात जास्तीचा सोल टाकतात.

उजवा हात. मूल हुशार असतं, डाव्याने भागवायला शिकतं, मग उजवा हात न वापरल्यानेच आणखी मागे जातो. बोटं थोडी तरी उघडत असतील तर रोज ठरावीक वेळ, दोनेक तास, डावा हात मोज्यात किंवा मिटनमध्ये बंद ठेवून खेळीमेळीने उजव्याची कामं: शेंगा सोलणं, बाटलीचं झाकण, कॅरमची सोंगटी, पीठ मळणं. दोन तास एका दमात होणार नाहीत, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करा. नुसता चेंडू दाबत बसवणं हा वेळ घालवण्याचा प्रकार आहे. त्याने मूठ ताठ होते, उघडणं तिथेच राहतं. ताठरपणा जास्त असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन असतं, असर तीनेक महिने. त्या तीन महिन्यांत व्यायाम झाला नाही तर इंजेक्शनचे पैसे वाया. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) चालू असेल तर तेही एकदम बंद करायचं नाही, आणि त्याने येणारी सुस्ती वर्गात दिसते हे लक्षात ठेवा.

लिखाण: उजव्याच हाताने, पण कमी. जाड पेन्सिल किंवा ग्रिप, वही टेबलाला चिकटपट्टीने लावलेली, दोन्ही पाय जमिनीवर टेकतील अशी बसण्याची जागा. पाय लोंबकळत असतील तर खाली लाकडी फळी. दहा ओळींच्या जागी तीन ओळी, बाकीचं तोंडी.

मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, हातांच्या आणि रोजच्या कामांचा सराव), स्प्लिंट सगळं एका ठिकाणी होतं. विदर्भातल्यांना नागपूरचं सीआरसी (दिव्यांगांसाठीचं सरकारी पुनर्वसन केंद्र). बाकीच्यांनी आधी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (जिल्हा लवकर हस्तक्षेप केंद्र) कुठे आहे याची चौकशी करावी. नावात 'लवकर हस्तक्षेप' असलं तरी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहे, आणि त्याचं पथक तुमच्या शाळेत येतंच. पथकाच्या यादीत नाव घालून संदर्भचिठ्ठी घ्या.

समावेशक

वर्गातलं मी सांगतो. बाई, तुमची निरीक्षणं नेमकी आहेत, निम्मं काम झालंय.

सुरुवात थकव्यापासून. या मुलांचा थकवा खेळून दमल्यासारखा नसतो. आवाज गाळणं, फळा बघणं, ऐकलेलं धरून ठेवणं, आपल्याला फुकट पडणारी ही कामं त्याला मेहनत करून करावी लागतात. दोन तासांनी कोटा संपतो. त्यापुढे बसवून ठेवलं तर शिकणं शून्य आणि भांडणं जास्त. त्यामुळे पहिला महिना फक्त मधल्या सुट्टीपर्यंत शाळा. भाषा आणि गणित सकाळीच. वीस मिनिटं काम, पाच ते दहा मिनिटं शांत जागा, डोकं टेकायची परवानगी. हे तो थकल्यावर द्यायचं नाही, घड्याळावर द्यायचं, थकायच्या आधी. दोन आठवडे मुलगा घरी जाऊन न चिडता जेवतो-खेळतो असं झालं की अर्धा तास वाढवा. घरी जाऊन कोसळत असेल तर शाळेत कितीही छान दिसला तरी वेळ जास्त होतोय.

शिकवणं. इथे नेहमीची पद्धत उलटी पडते. 'विचार कर, अंदाज कर, चुकलं तरी चालेल' हे निरोगी मुलाला उत्तम. स्मरण कमजोर असलेल्या मुलाच्या डोक्यात त्याने मारलेला चुकीचा अंदाजच पक्का बसतो, कारण आपण चुकलो होतो हे त्याला आठवत नाही. त्यामुळे चूक होऊच द्यायची नाही. उत्तर आधी सांगा, लगेच विचारा, हळूहळू आधार काढा. मग अंतर वाढवत विचारा. समजा नवं विधान आहे, 'वनस्पती पानांत अन्न तयार करतात'. सांगितलं, लगेच विचारलं. मग अर्ध्या मिनिटाने, एक मिनिटाने, दोन, चार, आठ मिनिटांनी, मध्ये दुसरं काम चालू. चुकला किंवा अडखळला तर 'आठव आठव' करायचं नाही. बरोबर उत्तर लगेच द्या, आणि जे अंतर शेवटचं जमलं होतं तिथे परत या. शाळा सुटताना एकदा, दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर एकदा. एका दिवसात अशा दोन-तीनच गोष्टी. अख्खा धडा यातून होणार नाही, धड्यातलं टिकवायचं काय ते तुम्हीच निवडायचं.

भागाकारासारख्या पायऱ्यांच्या गोष्टीला बाकावर चिकटवलेलं कार्ड: भाग, गुण, वजा कर, खाली घे. कार्ड काढून घेण्याची घाई नको, वर्षभर राहिलं तरी काही बिघडत नाही. सूचना एकावेळी एक. 'पुस्तक काढा, पान 34 उघडा आणि तिसरा प्रश्न सोडवा' यात तीन सूचना आहेत, त्याच्यापर्यंत पहिली पोहोचते. फळ्यावरून उतरवणं बंदच करा, डोळ्यांची तपासणी होईपर्यंत तर नक्कीच. शेजारच्या मुलाची वही किंवा छापील कागद द्या, प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला लाल उभी रेघ, 'रेघ दिसेपर्यंत वाच' असं सांगायचं. बसवायचं वर्गाच्या उजव्या कडेला, म्हणजे फळा आणि तुम्ही त्याच्या डावीकडे येता.

वागणूक. फ्रंटल इजेत लगाम सैल होतो, कळतं पण थांबता येत नाही. दुपारी दिलेली शिक्षा सकाळच्या कृतीशी त्याच्या डोक्यात जोडली जात नाही, त्यामुळे शिक्षेने फक्त भीती वाढते. वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. वेळ लिहायला विसरू नका. दोन आठवड्यांत सूत्र दिसतं, बहुतेक वेळा गोंगाट, भूक, घाई, किंवा कामात अचानक बदल. मग 'आधी'वर काम करायचं. बदलाची सूचना पाच मिनिटं आधी, रांगेत पहिला किंवा शेवटचा उभा, मधल्या सुट्टीत एक समजूतदार जोडीदार. स्फोट झालाच तर कमी शब्द, खालचा आवाज, शांत जागा. समजावणं नंतर.

बुद्ध्यंकाच्या चाचणीबद्दल सावध राहा. शब्दसंग्रह, सामान्यज्ञान हे जुन्या साठ्यातून येतं, शांत खोलीत एकास एक चाचणी असते. आकडा 90 येतो आणि रिपोर्ट म्हणतो 'सरासरी'. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे लक्ष, नवीन स्मरण (लगेचचं आणि अर्ध्या तासानंतरचं), कामाचा वेग आणि नियोजन यांची वेगळी चाचणी मागा. पहिली सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, मग पाचवीत जाताना, आठवीच्या सुरुवातीला, दहावीआधी. प्रत्येक वेळी आधीच्या रिपोर्टशी तुलना. वयाच्या मानाने गुण घसरले तर मूल मागे गेलं असं नसतं, बाकीची मुलं पुढे गेली आणि याचा वेग कमी राहिला.

गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांच्या पत्राने त्यांना बोलवा. शाळेला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करायला ते मदत करतात.

रानवाटा

सहज विचारतो, ब्रेन टॉनिक, सिटिकोलीन (मेंदूसाठी म्हणून देतात ते औषध), हायपरबॅरिक ऑक्सिजन (जास्त दाबाच्या बंद खोलीत दिलेला ऑक्सिजन) यांचा उपयोग? आमच्याकडे सगळे हेच सुचवतात. आणि मोबाइलवरचे ब्रेन गेम?

चेतातंतू

सिटिकोलीनची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, 1,213 प्रौढ रुग्ण, निष्कर्ष 2012 मध्ये आले: 90 दिवसांनी गोळी घेणारे आणि साधी साखरगोळी घेणारे यांत फरक नाही. मुलांसाठी यापेक्षा बरा पुरावा नाही. हायपरबॅरिकचंही मुलांत पटण्यासारखं काही नाही, आणि पॅकेजचे पैसे ऐकले तर त्यात वर्षभराचं ओटी बसेल. ब्रेन गेमने तो गेम सुधारतो, गणिताची वही फारशी सुधारत नाही. बदाम खाऊ द्या, चांगले लागतात.

औषधांचा उपयोग नाहीच असं नव्हे. लक्ष फारच उडत असेल तर मिथाइलफेनिडेटसारखं औषध तज्ज्ञ देतात आणि काहींना फरक पडतो. झोपेची शिस्त मात्र सगळ्यांना लागू: ठरलेली वेळ, दुपारी एकच डुलकी, जास्तीत जास्त पाऊण तास. चिडतो म्हणून झोपेच्या किंवा 'शांत करायच्या' गोळ्या घरच्या डॉक्टरांकडून सुरू झाल्या असतील तर न्यूरोलॉजिस्टला सांगा, त्यातल्या काही शिकणं आणखी मंदावतात.

दावा-अर्ज

कागदपत्रांचं बघू, यात मुदती आहेत.

पहिलं, अपघाताचा दावा. दुसऱ्या वाहनाची चूक असेल, किंवा मुलगा मागे बसलेला असून चालवणाऱ्याची असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अर्ज होतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तुमच्या हिशोबाने पंधरा दिवस उरलेत. या आठवड्यात वकील गाठा. मुदत उलटलेल्यांनीही वकिलाला विचारल्याशिवाय दावा सोडू नये. एफआयआर, पंचनामा, विम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, सर्व बिलं, प्रवासाच्या पावत्या आणि शाळेची दुखापतीआधीची प्रगतिपत्रकं, ही शेवटची लोक विसरतात. आधी 'अ' श्रेणी आणि आता काय, याचा तेवढाच लेखी पुरावा असतो. तुमची तीन रकान्यांची वहीसुद्धा तारखा घालून जपून ठेवा.

तडजोडीची घाई करू नये. वर लिहिलंय तसं नुकसान पुढे उघडं पडतं, आणि तडजोड झाली की फाइल बंद. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये डोक्याला मार लागलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात पुढच्या कमाईसाठी नाममात्र रकमेऐवजी कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं आणि मदतनिसाचा खर्च गुणक (वयानुसार ठरणारा वर्षांचा आकडा) लावून दिला. एकूण भरपाई 62 लाखांवर गेली. ती मुलगी पूर्ण परावलंबी होती, त्यामुळे तो आकडा इथे लागू नाही. हिशोबाची पद्धत मात्र वकिलाला दाखवता येते.

दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या 21 प्रकारांत 'मेंदूची दुखापत' असा स्वतंत्र प्रकार नाही. म्हणून बरेच पालक 'आपलं यात बसत नाही' म्हणून परत येतात. परिणाम ज्या प्रकारात बसतो तिथे अर्ज करायचा: हातपाय असेल तर अस्थिव्यंग, नजर असेल तर दृष्टी, शिवाय श्रवण, वाचा व भाषा, बौद्धिक. एकाहून जास्त असतील तर सगळे अर्जात टाका, मंडळ एकत्रित टक्केवारी काढतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) नोंदणी, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. सुधारणा चालू असलेल्या मुलाला बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र देऊन फेरतपासणीची तारीख देतात. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. बहुतेक योजनांना 40 टक्के लागतात.

तिसरं, सवलती. त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, अभ्यासक्रमात बदल हे स्पष्ट लिहिलंय, तिथे 40 टक्क्यांची अट नाही. चौथीत शाळा स्वतःच हे करू शकते: तोंडी परीक्षा, पेपर दोन तुकड्यांत, सकाळी. दहावीला मंडळाकडे अर्ज शाळेमार्फत जातो आणि जुने रिपोर्ट मागतात, म्हणून आजपासून फाइल करा.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. वकिलाचं आजच सांगते. चेतातंतू सर, ओळीचा शेवट गाळतो ते मी आज पुन्हा पाहिलं: पान थोडं डावीकडे सरकवलं तर गाळत नाही. आणखी दोन प्रश्न. वर्गात आकडी आली तर? आणि पीटीच्या तासाला त्याला बसवूनच ठेवायचं का?

चेतातंतू

पान सरकवल्यावर फरक पडतो हे नेत्रतज्ज्ञांना याच शब्दांत चिठ्ठीवर लिहून द्या.

आकडी: घड्याळ बघा, वेळ लिहा. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर नको, पातळ घडी चालेल. चष्मा काढा, कॉलर सैल करा, आजूबाजूची बाकं सरकवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. जमलं तर एका शिक्षकाने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, डॉक्टरला तो शंभर प्रश्नांपेक्षा उपयोगी पडतो. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर 108. डॉक्टरांनी मिडॅझोलामचा (आकडी थांबवणारं औषध) नाकात मारायचा स्प्रे वजनानुसार लिहून दिला असेल तर तो पाचव्या मिनिटाला द्यायचा. किती फवारे ते कागदावर डॉक्टरांच्या सहीनिशी मुख्याध्यापकांकडे हवं, आणि स्प्रेची मुदत संपली नाही ना हे दर सत्राच्या सुरुवातीला बघायचं. थांबल्यावर अर्धा-एक तास झोपू द्या.

पीटी: बसवून ठेवू नका. चालणं, पकडापकडी नसलेले खेळ, चेंडू फेकणं-झेलणं, सावलीत, पाणी जवळ. कबड्डी, खो-खोतली झेप, झाडावर चढणं, मनोरे आणि लेदर बॉल सध्या नाही. डोक्याला दुसरा मार लागला तर आधीच्या इजेवर तो कितीतरी भारी पडतो. सायकल न्यूरोलॉजिस्टने हो म्हटल्यावर, हेल्मेटसह आणि मोकळ्या मैदानात. उजवीकडचं दिसत नसेल तर रस्त्यावर नाहीच. विहीर-तळ्यात पोहणं आकडीचं औषध बंद होऊन डॉक्टर सांगेपर्यंत बंद. घरी मोटरसायकल असेलच: चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने लागतं, मुलांच्या मापाचं मिळतं. बापाचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर फिरतं, ते चालणार नाही. पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेट मागे राहायला नको.

ओटीवाली

पीटीत भर: पायात स्प्लिंट असेल तर तो घालूनच खेळू दे. आणि पहिल्या पाच मिनिटांत उजव्या हाताने चेंडू. थकल्यावर तो डावाच वापरणार.